किंचित उतरलेला गंधार

जून लागला की मी सगळ्यांत आधी वरच्या मजल्यावरचा बाथटब घासायला घेते. एरवी तो कुणी वापरत नाही. त्यात माझ्या मुलीचे, सईचे, शाळेतले जुने प्रोजेक्ट, चाक मोडलेली बॅग, भारतात न्यायचं म्हणून घेतलेलं आणि न नेलेलं सामान असं काय काय साठलेलं असतं. ते उपसायचं, टब लख्ख करायचा, बुचाचं रबर चिरलेलं नाही ना ते पाहायचं. वादळ येणार हे पक्कं झालं की त्यात काठोकाठ पाणी भरून ठेवायचं असतं. नळ गेले तरी निदान फ्लश चालतो. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. जून ते नोव्हेंबर हा आमचा वादळांचा मोसम. दिवाळीचे कंदील लागून उतरेपर्यंत तो संपत नाही, आणि तोवर फोनवरचा प्रत्येक कर्कश अलर्ट छातीत धस्स करून जातो.

यंदा टब घासत होते आणि शेजारच्या खोलीतल्या कपाटातून 'टिंग' असा आवाज आला. एकच, बारीक, धातूचा. मी ब्रश हातात धरून तशीच बसले. त्या कपाटात एका काळ्या पेटाऱ्यात डेलची गिटार आहे. तिची एखादी तार आपसूक सरकली की असा आवाज होतो. हे मला आता कळतं. तीन वर्षांपूर्वी यातलं फारसं काही कळत नव्हतं, आणि माझ्या त्या न कळण्यापायी एका माणसाचं घर गेलं.

गिटार म्हटल्यावर डोळ्यांपुढे येते तशी ती नाही. आपल्याकडे गणपतीच्या मांडवात नाहीतर कॉलेजच्या गॅदरिंगला कुणीतरी मांडीवर आडवी गिटार घेऊन, तिच्यावर लोखंडी कांडी सरकवत सिनेमातली गाणी वाजवायचं, आठवतंय? हवाईयन गिटार म्हणायचे तिला. तिची ही टेक्सासमधली थोरली बहीण, स्टील गिटार. चार पायांवर टेबलासारखी उभी राहते. तिला दोन माना आहेत आणि प्रत्येक मानेवर आठ तारा. तारांना वरून कवेत घेणारं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं जाडजूड लोहचुंबक आहे. डाव्या हातात पोलादाची कांडी, उजव्या हाताच्या बोटांना पत्र्याच्या नख्या. जुन्या कंट्री गाण्यांत मधेच एक सूर हुंदका आवरल्यासारखा वर सरकत जातो, तो हिचा. पुढे पायाने सूर बदलणाऱ्या पेडलच्या गिटारी आल्या आणि ही मागे पडली. डेलनी मात्र हिला सोडलं नाही. "पेडल मारायला मी काय शिलाई मशीनवर बसलोय?" असं म्हणायचे.

डेल आमचे कुंपणापलीकडचे शेजारी. आम्ही इथे घर घेतलं तेव्हाच ते साठीच्या पुढचे होते. तेलविहिरींची हत्यारं बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी जन्मभर लेथवर काम केलं आणि शनिवारी डान्स हॉलमध्ये गिटार वाजवली. हातातली ती पोलादी कांडी त्यांनी स्वतःच लेथवर काढलेली होती, आणि चाळीस वर्षं घासून ती आरशासारखी झाली होती. मला ते 'मिस मंजू' म्हणायचे. मी त्यांना काका म्हणून पाहिलं, पण जमलं नाही. सईच्या 'मिस्टर डेल'वर सगळ्यांनी समाधान मानलं.

रोज सकाळी सात वाजता त्यांच्या गॅरेजचं दार गुडघ्याइतकं वर सरकायचं. आधी अॅम्प्लिफायरची घरघर यायची. जुना, व्हॉल्व्हचा अॅम्प. आपल्याकडच्या जुन्या रेडिओसारखा तापायला वेळ घेणारा. इथली वीज आपल्यापेक्षा जलद ठोक्याने धावते, त्यामुळे ही घरघर माझ्या माहेरच्या रेडिओपेक्षा जरा वरच्या पट्टीतली. ती स्थिरावली की डेल आठ मोकळ्या तारांवरून एकदाच हात फिरवायचे. सा, ग, प, ध. या ट्यूनिंगला ते सी-सिक्स्थ म्हणत. दुसऱ्या मानेवर नाचाच्या गाण्यांसाठी वेगळं होतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, भूपातला रिषभ कुणीतरी उचलून नेलाय. एवढं वाजवून ते थांबायचे. सूर पूर्ण विरेपर्यंत थांबायचे. मग कॉफी, मग पेपर, मग बाकीचा दिवस. मी तोवर डबे भरत असे आणि माझाही दिवस त्या आवाजाने सुरू होई.

ते ट्यूनिंग कुठे लिहिलेलं नव्हतं. नुसतं कुठली तार कुठल्या सुराला हे कुणीही सांगेल, पण नेमकी कुठे ठेवायची हे ज्याचं त्याचं. डेल सांगायचे, त्यांच्या उमेदीच्या काळात ब्रेक झाला की वादक तारांवर टॉवेल टाकून बिअर आणायला जायचे. दुसऱ्या वादकाने येऊन तारा छेडून बघू नयेत म्हणून. मला हसू यायचं. टॉवेलखाली झाकण्यासारखं त्यात काय असेल, असं वाटायचं.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात डेल विसरायला लागले होते. एकदा पत्रांच्या पेटीसमोर किल्ली हातात धरून इतका वेळ उभे राहिले, की मीच रस्ता ओलांडून गेले. एकदा गॅसवर रिकामं भांडं जळत होतं. डॅलसला राहणारी त्यांची मुलगी कॅरल दर रविवारी फोन करायची, आणि तिचा आवाज दर रविवारी जरा जास्त हळुवार व्हायचा. तिच्या घराजवळ वृद्धांसाठी एक चांगली जागा होती. बाग होती, नर्स होती. डेलना त्या बागेचा उल्लेखसुद्धा खपायचा नाही.

एका सकाळी मी त्यांना भेंडी द्यायला गेले, तर ते गिटारपुढे बसूनच कॅरलशी बोलत होते. फोन ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टर मला कागदावर घड्याळ काढायला लावतो, मिस मंजू. पावणेतीन वाजलेले दाखव म्हणतो. घड्याळाचं मला काय कौतुक? माझी परीक्षा ही." त्यांनी तारांवरून हात फिरवला. सूर विरेपर्यंत मान किंचित कलती ठेवून ऐकलं. "हे पन्नास वर्षं माझ्या कानात आहे. रोज सकाळी हे बरोबर वाजलं की मला कळतं, मी अजून आहे. कॅरलशी करार केलाय मी. ज्या दिवशी हे मला बेसूर लागेल, त्या दिवशी मुकाट्याने तिच्या गाडीत बसेन."

"आणि तारा उतरल्या असतील तर?" मी विचारलं.

"तारा उतरल्यात की मी, एवढं मला कळतं अजून," ते म्हणाले आणि भेंडीची पिशवी उघडून बघायला लागले.

हे वाक्य मला पुढे फार छळणार होतं.

आता माझं सांगते. मी गंजाची इंजिनीअर आहे. जमिनीखालून जाणाऱ्या पाइपांना कुठे गंज चढतोय हे शोधायचं आणि फुटायच्या आत दुरुस्त करवून घ्यायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे मला सगळीकडे बिघाडच दिसतात. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की मी देवळात गेले तरी आधी घंटेची साखळी तपासते. तर डेल तारा लावायचे ते मी बारकाईने पाहिलं होतं. एक तार ते चिमट्यासारख्या ट्यूनिंग फोर्कवर लावायचे. बाकीच्या कानाने. आणि काही तारा नीट सुरावर आल्या, की खुंटी हलकेच मागे फिरवून पुन्हा खाली उतरवायचे. अगदी केसभर. मग मान हलवायचे. त्यांचा हात थरथरायचा. मी ते पाहिलं आणि माझ्या मनाने निदान करून टाकलं: कानही चालला. वाईट वाटलं, खरंच. ऑगस्टमध्ये कॅरलने फोनवर विचारलं, "खरं सांग, कसे आहेत ते?" तेव्हा मी भांड्याचं सांगितलं, पत्रपेटीचं सांगितलं, आणि वर हेही सांगून मोकळी झाले. कुणी विचारलं नव्हतं.

सप्टेंबरात वादळ आलं. येण्याआधीचे दोन दिवस मला वादळापेक्षा जास्त आठवतात. आभाळ हळदीच्या पाण्यासारखं झालेलं. दुकानाच्या पार्किंगमध्ये एरवी शेकड्याने कलकलाट करणारे काळे ग्रॅकल पक्षी एकाएकी कुठे गेले कुणाला कळलं नाही, झाडं रिकामी. पाण्याच्या बाटल्यांचं शेल्फ रिकामं, पेट्रोलला रांग. रस्त्यात जो तो खिडक्यांवर प्लायवूड ठोकत होता आणि त्या ठोकण्याखेरीज दुसरा आवाज नव्हता. वारा असा नव्हताच. घामाने पापण्या चिकटत होत्या. मराठी मंडळाच्या ग्रुपवर गणपतीचा कार्यक्रम कॅन्सल केल्याचा मेसेज आला आणि कुणीच त्यावर एक अंगठासुद्धा टाकला नाही.

कॅरल आदल्या दिवशी सकाळीच गाडी घेऊन डेलना न्यायला आली. ते तिच्या गाडीत बसायला तयार झाले ते आठवड्यापुरतेच, आणि तेही गिटारची सोय लावल्यावर. गॅरेजमध्ये पूर्वी एकदा पाणी शिरलं होतं. अॅम्प उंच वर्कबेंचवर चढवला. गिटार पेटाऱ्यात घालून मिलिंदने आमच्या वरच्या खोलीत नेली. डेल जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून बघत होते. त्यांनी माझा हात हातात घेतला. "नुसती कोरडी ठेव," म्हणाले.

एवढंच मागितलं होतं त्यांनी.

वादळ पहाटे धडकलं आणि दुपारी चारपर्यंत आमच्या अंगावर होतं. आम्ही तिघं जिन्याखालच्या कपाटात, डोक्यावर गादी घेऊन. घर करकरत होतं, आणि वरून कधीकधी एक बारीक कंप ऐकू यायचा. नंतर लक्षात आलं, भिंतींच्या थरथरण्याने पेटाऱ्यातल्या सोळाच्या सोळा तारा आपोआप घुमत होत्या. सई तेव्हा पंधरा वर्षांची. ती कुजबुजली, "आई, इट्स लाइक समवन्स अप देअर." मी तिला गप्प केलं. मला स्वतःलाच तसं वाटत होतं.

घर वाचलं. डेलच्या गॅरेजमध्ये घोटाभर पाणी आलं आणि गेलं. पण वीज गेली ती सहा दिवस आली नाही. सप्टेंबरातलं ह्यूस्टन, आणि एसी नाही. भिंतींना हात लावला तर कोमट लागायच्या. फ्रीजमधलं सगळं फेकून झालं, अंगणातल्या फांद्या तोडून झाल्या, आणि मग करायला काही उरलं नाही. हात रिकामे असले की मला चैन पडत नाही.

चौथ्या दिवशी मी पेटारा उघडला. ओल शिरली नाही ना, एवढंच बघायला. गिटार कोरडी ठणठणीत होती. पण मी तारांवरून हात फिरवला तर सगळंच ढिलं, ओघळलेलं वाजलं. उन्हाने तारा पसरतात, उतरतात. हे मला शिकवायला कुणी नको. मी फोन गाडीत चार्ज करून आणला आणि ट्यूनिंगचं अॅप काढलं. सई दारात उभी राहून बघत होती.

"आई, डिड ही आस्क यू टू?"

"अगं, आल्यावर बिचाऱ्यांना त्रास नको. सरप्राइज."

"यू शुड आस्क हिम."

"तुझा फोन दे इकडे. माझी बॅटरी उतरतेय."

एकेक तार घेतली. खुंटी पिळायची, पडद्यावरचा काटा बरोब्बर मधे आला की हिरवा ठिपका. सोळा तारा, सोळा ठिपके. लावताना एक गोष्ट दिसली. ग आणि धच्या तारा इतर तारांपेक्षा जास्तच उतरलेल्या होत्या. उन्हाने उतरल्या तर सगळ्या सारख्या उतरायला हव्यात, या दोन सुरांच्याच जास्त का? इंजिनीअर म्हणून मी इथे थांबायला हवं होतं. पाइपवर असा आकडा दिसला असता, तर मी काम बंद करून तिघांना फोन केले असते. इथे मी मनात म्हटलं, बघा, म्हणजे त्यांच्याकडून आधीपासूनच चुकत होतं. आणि मी त्या नीट वर ओढून ठेवल्या. सगळं झाल्यावर मला इतकं छान वाटलं, की मी मिलिंदलाही बोलावून ऐकवलं. "वा," तो म्हणाला. त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही.

डेल रविवारी परतले आणि मिलिंदने गिटार त्यांच्या गॅरेजमध्ये नेऊन उभी केली. सोमवारी सकाळी सातला मी कॉफीचा मग घेऊन कुंपणाशी जाऊन उभी राहिले. खास ऐकायला. वीज आली होती. गॅरेजचं दार गुडघ्याइतकं वर गेलं, अॅम्पची घरघर स्थिरावली. मग त्यांनी हात फिरवला.

सूर विरायच्या आत त्यांनी पुन्हा हात फिरवला. असं ते कधी करत नसत. मग थोडा वेळ काही नाही. मग तिसऱ्यांदा, अगदी सावकाश, एकेक तार सुटी सुटी. मी आपली हसतेय कुंपणाशी. त्यांना आवडलं असणार, ते पुन्हा पुन्हा ऐकतायत, असं मला वाटलं. अॅम्प बंद झाला. दार हळूहळू खाली आलं आणि जमिनीला टेकलं.

मंगळवारी दार उघडलं नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी डेल आमच्या दारात आले, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. "मी कॅरलकडे जातोय, मिस मंजू."

"किती दिवस?"

"झाली वेळ," ते म्हणाले. "करार होता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना मिठी मारली. त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही, की गिटारला तू हात लावला होतास का. मी शेजारीण होते, नीटनेटकी, शब्दाला पक्की. नुसती कोरडी ठेव म्हणाले होते, म्हणजे मी नुसती कोरडीच ठेवली असणार. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास होता की त्यांनी संशय घ्यायला फक्त स्वतःलाच निवडलं. आणि मी? मला तेव्हाही काही सुचलं नाही. बिचारे, पण बरं झालं, वेळेवर झालं, असं मी कॅरलला फोनवर सांगितलं. माझ्या तोंडचं वाक्य आहे ते. मला नाकारता येत नाही.

घर ऑक्टोबरात विकलं गेलं. गिटार मला द्यायची, असं डेलनी बजावून ठेवलं होतं. अॅम्प मात्र कॅरलने एका वादकाला विकला, आणि तो आमच्याकडून न्यायचा होता. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी तो आला. पन्नाशीचा, उंच, अबोल माणूस. अॅम्प चालतो का बघायला त्याने डेलची गिटार जोडली, तारांवरून हात फिरवला आणि दात दुखल्यासारखं तोंड केलं.

"ही कुणी लावली? पियानोवाल्याने?" तो हसून म्हणाला.

मी अभिमानाने सांगितलं, मी. अॅपवर. एकूण एक तार काट्यावर.

"तेच तर," तो म्हणाला. "स्टीलवाले तिसरा आणि सहावा सूर काट्यावर ठेवत नाहीत. जरा खाली ठेवतात. कांडीखाली आठ तारा एकदम वाजतात ना, काट्यावर ठेवलं तर आपसांत भांडतात, थरथर ऐकू येते. जुन्या वादकाला तर सहनच व्हायचं नाही." त्याने त्या दोन सुरांच्या खुंट्या केसभर मागे फिरवल्या आणि पुन्हा हात फिरवला.

तो आवाज शांत होता. तळ्यातलं पाणी बसावं तसा. मी दीड महिना जे ऐकलं नव्हतं ते हे. मी जिन्यावर बसले. त्या माणसाला वाटलं मला चक्कर आली. त्याने पाणी आणून दिलं.

मला माहीत असायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नसेल, मला होतंच. नागपूरला आठ वर्षं गाणं शिकले. आमच्या बाई पेटीला फडक्याखाली झाकून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "पेटीचा गंधार चढा असतो गं, तो कानात बसू देऊ नकोस. तंबोऱ्यातला ऐक." खर्जाची तार छेडली की थोड्या वेळाने तिच्या पोटातून, कुणी न लावलेला, आपसूक गंधार यायचा. पेटीपेक्षा किंचित उतरलेला. तो ऐकू येईपर्यंत बाई आम्हाला गायला तोंड उघडू द्यायच्या नाहीत. मी दहा वर्षांची असताना जे मला ऐकू येत होतं, ते पन्नाशी उलटल्यावर हिरवा ठिपका पाहून मी विसरले. डेल रोज सकाळी खुंटी मागे फिरवून त्याच गंधाराची वाट बघत होते. त्या सोमवारी तो चढा ऐकू आला, आणि तार आपसूक उतरते, चढत नाही, म्हणून त्यांनी आपल्याच कानावर संशय घेतला. मी त्यांच्या थरथरत्या हाताकडे बघत बसले. त्यांचा कान शाबूत होता. गेला होता तो माझा.

डिसेंबरात आम्ही डॅलसला गेलो. चार-साडेचार तासांचा रस्ता, सगळा वेळ पाऊस. निघण्याआधी मी फोनवर नुसता तंबोरा लावून, दोन सकाळी खपून, तारा कानाने लावल्या होत्या. डेल त्या बागेच्या जागेतल्या आपल्या खोलीत खिडकीशी बसले होते, तीन महिन्यांत बारीक झाले होते, पण त्यांनी मला नावाने हाक मारली. कॅरलने गिटारचे पाय जोडले. अॅम्प नव्हता, त्यामुळे त्यांनी कान पार तारांजवळ नेला आणि हात फिरवला.

ते ऐकत राहिले. विरेपर्यंत ऐकलं. मग माझ्याकडे पाहिलं.

मी सांगून टाकलं. अॅप, काटा, सोळा तारा, सगळं. मध्ये कुठे थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. कॅरलने तोंडावर हात ठेवला. डेल मात्र हसले. खूप वर्षांचं ओझं उतरल्यासारखे हसले. "म्हणजे मी नव्हतो," ते म्हणाले. "बघ कॅरल. मी नव्हतो." मग ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले, दारामागच्या खुंटीवरची हॅट घेतली, ती डोक्यावर नीट बसवली आणि मला म्हणाले, "चल. गाडी कुठे लावलीयस?"

त्यांच्या घरात तेव्हा नवं जोडपं राहायला येऊन महिना झाला होता. गॅरेजमध्ये व्यायामाचं सामान लागलं होतं. शेवटी कॅरल म्हणाली, "डॅडी, बसा जरा." ते बसले. हॅट काढली नाही. आम्ही निघेपर्यंत ते हॅट घालूनच बसले होते, आणि मी जिन्यावरून वळून पाहिलं तेव्हाही.

डेल अजून आहेत. आता ते मला ओळखत नाहीत. कॅरल म्हणते, गिटारचं ते सगळं विसरले, तू पण विसर. तिने मला माफ केलंय, असं ती म्हणते. मी गिटार वाजवायला शिकले नाही. फक्त रोज सकाळी सातला ती उघडते आणि मोकळ्या तारांवरून एकदा हात फिरवते. हे मी कुणासाठी करते, मला सांगता येत नाही.

यंदाच्या त्या 'टिंग'नंतर मी हात धुतले, पेटारा उघडला आणि हात फिरवला. बेसूर. सकाळी तर चांगली होती. पुन्हा फिरवला. गंधार कुठेच नव्हता. आणि पहिला विचार जो मनात आला तो तारांचा नव्हता. गेल्या महिन्यात मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये एका साध्या व्हॉल्व्हचं नाव विसरले होते. त्याआधी एकदा सईच्या कॉलेजातल्या रूममेटचं. मला इतकी भीती वाटली की मी तिसऱ्यांदा हात फिरवायचा तो फिरवलाच नाही. किती पटकन पटतं हे माणसाला, की बिघडलंय ते आपणच.

मी जिन्याच्या कठड्यावरून खाली ओरडले, "मिलिंद, गिटारला कुणी हात लावला होता का?"

"नाही गं. का?" तो खालून म्हणाला. मग जरा थांबून, "वरचा एसी मी दुपारी बंद केलाय. सई नाही तर कशाला उगाच चालू ठेवायचा. तापलं असेल वर."

त्याचं एवढं एकच वाक्य. त्या सोमवारी हे सांगायला डेलना कुणीतरी हवं होतं. मी तर दहा पावलांवर होते. कुंपणाशी, हातात कॉफीचा मग घेऊन, हसत उभी.